सावकाश येणारं मरण

जॉर्ज रोमेरोचा पहिला चित्रपट एका पाटीमुळे सगळ्या जगाच्या मालकीचा झाला. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या काही तरुणांनी १९६८ मध्ये एक कृष्णधवल भयपट पुरा केला. त्याचं नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. तशाच नावाचा एक चित्रपट आधी येऊन गेलेला होता, म्हणून वितरकाने ते बदलून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केलं. कॉपीराइटची सूचना जुन्या नावाच्या पाटीवर होती. नवी पाटी करताना ती टाकायची राहून गेली आणि त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार सूचनेशिवाय प्रदर्शित झालेल्या चित्रपटावर कुणाचाच हक्क उरत नसे. सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झालेला हा चित्रपट मग कुणीही दाखवावा आणि कुणीही त्याच्या प्रती काढून विकाव्यात, असं झालं. टीव्हीवर तो अपरात्री लागत राहिला. पुढे व्हिडिओ कॅसेटच्या काळात ज्याला वाटेल त्याने तो बाजारात आणला. ज्यांनी तो केला त्यांच्या हाती त्यातलं फार थोडं लागलं.

पैसा गेला, प्रभाव मात्र वाढत राहिला. मेल्यावर पुन्हा उठून जिवंत माणसांचं मांस खाणारी, डोक्यात गोळी घातल्याशिवाय न थांबणारी प्रेतं आज चित्रपट, मालिका, कॉमिक्स आणि व्हिडिओ गेम या सगळ्यांत आहेत. 'झोंबी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं ते या एका चित्रपटाने घडवलं. म्हणून रोमेरोला झोंबीपटांचा जनक म्हणतात आणि बहुतेक लेख तिथेच संपतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. रोमेरोकडून जगाने प्रेतं घेतली, पण ती प्रेतं ज्या कारणासाठी हळू चालत होती ते कारण मागेच ठेवलं. त्याच्या चित्रपटांचं सगळं सामर्थ्य त्या मंद चालीत आहे. मरण सावकाश येतं, म्हणजे माणसांच्या हातात वेळ असतो. वेळ असूनही ती मेली, तर जबाबदारी कुणाची, हा रोमेरोचा प्रश्न होता.

त्याच्या आधीचा झोंबी हैतीमधला होता. ऊसमळ्यांवरच्या गुलामगिरीचा इतिहास असलेल्या त्या देशातल्या लोकसमजुतीत झोंबी म्हणजे मेल्यावरही ज्याची मजुरी सुटत नाही असा माणूस. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी'मध्ये बेला लुगोसीने केलेला खलनायक अशाच प्रेतांकडून साखर कारखान्यात काम करून घेतो. म्हणजे प्रेताला मालक होता आणि भीती खरं तर त्या मालकाची होती. रोमेरोने मालक काढून टाकला. त्याला प्रेरणा मिळाली होती रिचर्ड मॅथेसनच्या १९५४ च्या 'आय अ‍ॅम लेजंड' या कादंबरीतून, पण तिथल्या रक्तपिपासूंनाही निदान नायकाचं नाव घेऊन हाका मारता येतात. रोमेरोची प्रेतं कुणाची चाकर नाहीत आणि कुणावर रागावलेलीही नाहीत. आपला मुंजा, आपली हडळ, आपला समंध यांना एक पूर्वकथा असते. काहीतरी अपुरं राहिलेलं असतं, कुणावर तरी डूख असतो आणि म्हणूनच त्यांच्यावर उपायही असतो. रोमेरोच्या प्रेताची काही तक्रारच नाही, त्यामुळे त्याची समजूत घालता येत नाही. सगळ्या तक्रारी, सगळे हेवेदावे घराच्या आत, जिवंत माणसांकडे उरतात.

हे त्याला सुचलं ते हॉलीवूडपासून फार दूर. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेला रोमेरो कला शिकायला पिट्सबर्गला आला आणि पोलादाच्या त्या शहरात राहिला. मित्रांबरोबर 'लेटंट इमेज' नावाची छोटी कंपनी काढून त्याने बिअरच्या, साबणाच्या जाहिराती केल्या. फ्रेड रॉजर्स यांच्या लहान मुलांसाठीच्या प्रसिद्ध टीव्ही कार्यक्रमाकरता त्याने टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेवरचा एक भाग चित्रित केला होता. तो आपला सर्वांत भीतिदायक चित्रपट होता, असं तो गमतीने म्हणत असे. या उमेदवारीतून त्याला एक सवय लागली: एखादं काम कसं केलं जातं ते टप्प्याटप्प्याने दाखवायची. 'नाइट'मधला बराच वेळ सुतारकामात जातो. टेबलाचे पाय मोडायचे, दारं बिजागऱ्यांतून काढायची, फळ्या खिडक्यांवर ठोकायच्या, खिळे शोधायचे. हे काम कंटाळवाणं होत नाही, कारण आपण मनातल्या मनात तिथे राबत असतो आणि त्याच वेळी कोण राबतंय, कोण नुसतं बोलतंय, याचा हिशेबही ठेवत असतो.

इव्हान्स सिटीजवळच्या पाडायला काढलेल्या एका शेतघरात हे सारं घडतं. बाहेर प्रेतं जमत आहेत. आत बेन खिडक्या बंद करतोय, भावाच्या मृत्यूने बधिर झालेली बार्ब्रा सोफ्यावर बसली आहे आणि तळघरात हॅरी कूपर बायको आणि जखमी मुलीसह दडला आहे. कूपरचं म्हणणं असं, की सगळ्यांनी तळघरात जाऊन दार लावून घ्यावं. बेनचं म्हणणं असं, की तळघर म्हणजे सापळा, वरच राहावं, कारण वरून निदान पळता येतं. चित्रपटाचा कणा हा वाद आहे. बेन धीट आहे, कामसू आहे, आपल्याला आवडतो. कूपर भित्रा, हेकट आणि उद्धट आहे. त्यामुळे प्रेक्षक क्षणाचाही विचार न करता बेनच्या बाजूने उभा राहतो.

मग टीव्हीवरची सूचना बदलते. घरातच थांबा, असं सांगणारे आता मदत केंद्रांवर जा म्हणतात. बेनच्या योजनेप्रमाणे ट्रकमध्ये पेट्रोल भरायला गेलेले टॉम आणि ज्युडी आगीत जळून मरतात. परत धावत आलेल्या बेनला कूपर दार उघडत नाही. आत आल्यावर बेन त्याला बडवतो आणि पुढे गोळी घालतो. प्रेतं घरात शिरतात, सगळे मरतात, आणि एकटा बेन वाचतो. तो वाचतो कुठे, तर तळघरात, दार लावून! म्हणजे मुद्दा कूपरचा बरोबर होता. नावडत्या माणसाचं म्हणणं बरोबर असू शकतं आणि आवडत्या माणसाच्या योजनेत दोन जीव जाऊ शकतात, हे रोमेरो एका शब्दाचंही भाष्य न करता सांगतो. सकाळी तपासणीला निघालेली बंदूकधारी टोळी खिडकीत दिसलेल्या बेनला प्रेत समजून गोळी घालते आणि त्याचा देह ढिगावर टाकून जाळते. शेवट बदला, असं सांगणारे वितरक होते. त्यांना नकार देण्यात आला.

बेनचं काम करणारा ड्युएन जोन्स हा कृष्णवर्णीय नट होता. संहितेत त्याच्या वर्णाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. चाचणीत तो सर्वांत चांगला ठरला म्हणून त्याला घेतलं, असं रोमेरो कायम सांगत आला. मूळ संहितेतला बेन रांगडा ट्रकचालक होता. जोन्सने त्याची भाषा आणि वागणं बदलून त्याला विचारी, सुशिक्षित केलं. तयार झालेली प्रत गाडीत घालून रोमेरो न्यूयॉर्कला निघाला त्या रात्री रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी आली. त्यानंतर गोऱ्या बंदूकधाऱ्यांनी एका काळ्या माणसाचा देह आकड्यांनी ओढत नेण्याची ती दृश्यं नुसता भयपट म्हणून पाहणं अमेरिकेत कुणालाच शक्य नव्हतं. इथे समीक्षक दोन टोकं गाठतात. एक म्हणतात, हे सगळं ठरवून केलेलं रूपक आहे. दुसरे म्हणतात, निव्वळ योगायोग. मला दोन्ही पटत नाहीत. घाबरलेल्या समाजात माणसं एकमेकांशी कशी वागतील, याचं चित्र प्रामाणिकपणे काढलं की त्या समाजाचे जुने रोग त्यात आपोआप उतरतात. ते लेखकाने वेगळे पेरावे लागत नाहीत.

आता मंद चालीकडे येऊ. कुणी म्हणेल, ती काही सिद्धान्त म्हणून आली नव्हती. खरंच आहे. दफनभूमीतलं पहिलं प्रेत बऱ्यापैकी वेगाने पाठलाग करतं आणि दगड उचलून गाडीची काचही फोडतं. नियम नंतर बसत गेले. प्रेताचे घोटे धावल्यावर मोडतील, असं व्यावहारिक कारण रोमेरो देत असे. पण चाल मंद ठरली आणि तिच्याबरोबर सगळी गोष्टच बदलली. एकटं प्रेत कुणालाही हुलकावणी देऊन चुकवता येतं. धोका निर्माण होतो तो माणसं थांबतात, भांडतात, परत फिरतात, हट्ट करतात तेव्हा. वाघ झडप घालतो तेव्हा मेलेल्याला कुणी दोष देत नाही. पण शंभर पावलांवरून रखडत येणाऱ्या मरणाने गाठलं, तर मधल्या वेळात काय चाललं होतं, हे विचारावंच लागतं. रोमेरोच्या चित्रपटांत उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: हुकूम कुणाचा चालायचा, हे ठरत होतं.

हाच त्याचा विषय होता याचा पुरावा त्याच्या प्रेत नसलेल्या चित्रपटांत सापडतो. १९७३ च्या 'द क्रेझीज'मध्ये लष्कराचं एक जैविक अस्त्र एका गावाच्या पाण्यात मिसळतं आणि लोक वेडे होतात. पांढरे पोशाख आणि मुखवटे घातलेले सैनिक गाव बंद करतात. उपाय शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला तो सापडतोही. पण त्याची ओळख पटवायला कुणाला सवड नाही. त्याला रोगी समजून रोग्यांत ढकललं जातं आणि त्या चेंगराचेंगरीत तो आणि त्याच्या हातातल्या कुप्या दोन्ही संपतात. एरवी आवाजाची तपासणी झाल्याशिवाय फोनवर महत्त्वाचं बोलू न देणारी ही यंत्रणा नेमका ज्याला ओळखायला हवा त्यालाच ओळखत नाही. करोनाच्या साथीनंतर हा चित्रपट पाहणाऱ्याला त्यात अतिशयोक्ती फार वाटणार नाही. त्याच वर्षी लुथेरन पंथाच्या एका सेवासंस्थेने वृद्धांच्या उपेक्षेवर प्रबोधनपट मागितला, तेव्हा रोमेरोने 'द अम्यूजमेंट पार्क' केला. एक म्हातारा जत्रेत जातो आणि दिवसभर हाकलला, लुबाडला, दुर्लक्षिला जातो. एवढंच त्याचं कथानक. संस्थेने तो बाजूला ठेवून दिला आणि दिग्दर्शकाच्या मृत्यूनंतरच तो सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. १९७८ चा 'मार्टिन' ब्रॅडॉक या मोडकळीला आलेल्या पोलाद-गावात घडतो. स्वतःला रक्तपिपासू मानणाऱ्या या पोराला सुळे नाहीत, तो सुई आणि ब्लेड वापरतो. त्याच्या घरातला म्हातारा मात्र लसूण आणि क्रूस घेऊन त्याच्या मागे लागलेला असतो. रोमेरोला आपल्या चित्रपटांत हाच सर्वांत आवडायचा. तिन्ही ठिकाणी राक्षस अस्पष्ट आहे आणि माणसांचा व्यवहार मात्र लखलखीत दिसतो.

इटालियन दिग्दर्शक दारियो अर्जेंतोच्या मदतीने १९७८ मध्ये 'डॉन ऑफ द डेड' उभा राहिला. चौघे जण हेलिकॉप्टरमधून पळून एका मॉलमध्ये आश्रय घेतात. पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये दुकानं बंद झाल्यावर रात्रभर चित्रण चाले. जिवंतपणीच्या सवयीने मॉलमध्ये येऊन सरकत्या जिन्यांवर अडखळणारी प्रेतं म्हणजे चंगळवादावरची टीका, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. टीका आहेच, आणि ती पहिल्या अर्ध्या तासात कळते. त्यासाठी दोन तासांचा चित्रपट कुणी करणार नाही. खरी गोम सुरुवातीच्या टीव्ही स्टुडिओत आहे. पडद्यावर मदत केंद्रांची यादी सरकते आहे. त्यांतली कित्येक बंद पडली आहेत, हे माहीत असूनही व्यवस्थापक ती काढू देत नाही, कारण यादी गेली की प्रेक्षक जातील. लोकांना मरणाच्या दारात पाठवणारा हा निर्णय शुद्धीवर असलेल्या, पगारी माणसाचा आहे. पुढे मॉलमधल्या चौघांनी दारांपुढे ट्रक लावून, प्रेतं हटवून, उत्तम संसार थाटलेला असतो. मोटारसायकलवाल्यांची टोळी लुटायला येते तेव्हा त्यांच्यातला पीटर म्हणतो, लपून राहू, घेतील ते घेतील नि जातील. त्याचा सोबती स्टीव्हन याला ते सहन होत नाही. ज्या दुकानांतला माल त्याने कधी विकत घेतला नव्हता, त्यावर आपली मालकी आहे असं त्याला वाटू लागलेलं असतं. तो गोळी झाडतो आणि सगळं संपतं. पुढे तो स्वतः प्रेत होऊन इतर प्रेतांना लपण्याच्या जागेची वाट दाखवतो.

१९८५ चा 'डे ऑफ द डेड' याच तर्काचं टोक आहे. जमिनीखाली, चुनखडीच्या खाणीत, मूठभर शास्त्रज्ञ आणि सैनिक उरले आहेत. सेन्सॉरचा दाखला न घेता प्रदर्शन करण्याचा हट्ट रोमेरोने सोडला नाही, त्यामुळे निर्मितीचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आणावा लागला आणि मोठ्या लढाया कापून संहिता छोटी झाली. तोटा झालाच, पण माझ्या मते फायदा मोठा झाला. उरलं ते बंद खोल्यांतलं भांडण. इथे साराह ही स्त्री एकटी धड विचार करते आहे. १९६८ मधली सोफ्यावर बधिर बसलेली बार्ब्रा ते ही साराह, एवढा पल्ला दिग्दर्शकाने सतरा वर्षांत गाठला. आणि बब नावाचं साखळदंडातलं प्रेत शिकतं आहे, संगीत ऐकतं आहे, आपल्याला शिकवणाऱ्याच्या मृत्यूने कळवळतं आहे. चित्रपटातलं सर्वांत सभ्य पात्र प्रेत असावं, ही खवचट गंमत रोमेरोच करू जाणे.

मग वारसदारांनी काय घेतलं? अर्जेंतोच्या इटलीत 'डॉन'चं नाव 'झोंबी' ठेवलं गेलं होतं, म्हणून लुचियो फुल्चीचा १९७९ चा चित्रपट 'झोंबी २' या नावाने विकला गेला. १९८५ च्या 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'ने प्रेतांना धावायला, बोलायला आणि मेंदू मागायला लावलं. मेंदू खाणारा झोंबी रोमेरोचा समजला जातो, पण तो त्याचा नाही. २००४ मध्ये झॅक स्नायडरने 'डॉन' पुन्हा केला तेव्हा जागा मॉलचीच राहिली, प्रेतं मात्र शर्यतीतल्यासारखी पळू लागली. 'डे'मध्ये रंगभूषेच्या कामावर असलेला ग्रेग निकोटेरो पुढे 'द वॉकिंग डेड' या मालिकेचा मोठा आधारस्तंभ झाला. तिथे चाल मंद राहिली, पण इतक्या पर्वांच्या मालिकेत संकटाचीच दिनचर्या होते आणि निर्णयाची धार बोथट होते. वेग वाढवण्याचं आकर्षण समजण्यासारखं आहे. धावणारं प्रेत ताबडतोब घाबरवतं. पण त्याच वेळी ते पात्रांना निर्दोष करून टाकतं, कारण विचार करायला कुणाला वेळच नव्हता.

याला आक्षेप घेता येईल. डॅनी बॉयलचा '२८ डेज लेटर' (२००२) आणि येऑन सांग-हो याचा 'ट्रेन टू बुसान' (२०१६) यांत वेग आहे आणि दोन्ही चांगले आहेत. मान्य. पण ते चांगले का आहेत ते पाहावं. बॉयलचा उत्तरार्ध सैनिकांच्या ताब्यातल्या एका वाड्यात जातो आणि तिथे 'डे'चंच भांडण पुन्हा मांडलं जातं. कोरियन चित्रपटात डब्यांची दारं आहेत आणि बोगद्यातल्या अंधारात झोंबींना दिसत नाही. या युक्तीने दिग्दर्शक पुन्हा वेळ निर्माण करतो, आणि त्या वेळात एका डब्यातले प्रवासी दुसऱ्या डब्यातून जिवावर उदार होऊन आलेल्यांना दार उघडायचं नाकारतात. कूपरने लावलेलं दारच हे. म्हणजे वेगाचे चित्रपटही जिथे उंची गाठतात तिथे ते थांबलेले असतात.

आपल्याकडे २०१३ च्या 'गो गोवा गॉन'ने झोंबी आणला तो थट्टेच्या अंगाने. आदित्य सरपोतदारचा 'झोंबिवली' (२०२२) मात्र नकळत रोमेरोच्या जवळ जातो. त्यातला विनोद कधी कधी पसरट होतो. पण डोंबिवलीत टॉवर आणि शेजारची वस्ती यांच्यातला पाण्याचा प्रश्न त्याने कथेच्या मुळाशी ठेवला, आणि संकटात कुणी कुणाला फाटकाच्या आत घ्यायचं हे कोडं मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही. रोज ज्या गृहसंकुलाच्या फाटकावर नोंदवहीत नाव लिहून घरकामाला आत जावं लागतं, ते फाटक या चित्रपटाआधीपासून उभं आहे.

रोमेरोला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्याचे उत्तरार्धातले चित्रपट उघड उघड भाषण करतात. 'लँड ऑफ द डेड' (२००५) मध्ये मनोऱ्यात राहणारे श्रीमंत आणि खालचे गरीब यांची मांडणी इतकी सरळ आहे की प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. 'डायरी' (२००७) आणि 'सर्व्हायव्हल' (२००९) तर आपण काय म्हणतोय ते पात्रांच्या तोंडून सांगून टाकतात. ज्याने एके काळी तळघराच्या दारातून सगळं सांगितलं, त्याला पुढे संवादांची गरज पडावी, हे वाईट आहे. कदाचित टीकाकारांनी त्याला इतक्यांदा रूपककार म्हटलं की शेवटी त्याचा त्यावर विश्वास बसला. २०१७ च्या जुलैमध्ये टोरांटोत तो गेला तेव्हाही मृत्युलेखांत वर्णभेद, चंगळवाद, वर्गसंघर्ष अशी लेबलं लावून त्याचे चित्रपट मांडलेले होते.

ती लेबलं खोटी नाहीत, अपुरी आहेत. रोमेरोला निराशावादी म्हणतात, तेही तसंच. निराशावाद्याला शेवट आधीच ठरलेला असतो. रोमेरोच्या चित्रपटात प्रत्येक वळणावर दुसरी वाट दिसते: कूपरने दार उघडलं असतं, बेनने तळघराचा विचार केला असता, स्टीव्हनने बंदूक खाली ठेवली असती, त्या शास्त्रज्ञाला एका शिपायाने नाव विचारलं असतं. यांतलं काहीही अशक्य नव्हतं, काहीही महागडं नव्हतं. माणसं वाचू शकत होती, यावर त्याचा एवढा ठाम विश्वास होता म्हणूनच ती मेल्यावर तो त्यांना माफ करत नाही. भयपटाने प्रेक्षकाला दचकवावं ही अपेक्षा कुणीही पुरी करतो. दचकून झाल्यावर त्याच्याकडून हिशेब मागणारे थोडे, आणि रोमेरोची प्रेतं हळू चालतात ती त्या हिशेबाला पुरेसा वेळ मिळावा म्हणून.